एसटीनं डोंगर: कोल्हापुरातल्या नवख्या भटक्यांसाठी

कोल्हापुरात शिकायला किंवा नोकरीला नव्यानं आलेल्या पोरापोरींकडून मी एक वाक्य नेहमी ऐकतो: "डोंगरात जायचंय, पण गाडी नाही." गाडी लागत नाही. शहराच्या पश्चिमेला तासा-दीड तासावर सह्याद्री उभा आहे आणि त्याच्या कुशीतल्या बहुतेक गावांत एसटी पोचते. खरं तर गाडी नसलेला माणूस जास्त फिरतो. गाडीवाल्याला जिथं गाडी लावली तिथंच परत यावं लागतं, एसटीवाल्याला मात्र एका गावात उतरून, डोंगर ओलांडून, दुसऱ्याच गावातून घर गाठता येतं. जोतिबावरून पन्हाळा, पन्हाळ्यावरून पावनखिंड अशा वाटा गाडीवाल्याला नीट जमतच नाहीत.

फक्त बेत उलटा आखायचा. आधी परतीची गाडी ठरवायची, मग डोंगर.

परतीची गाडी आधी

हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी आणि माझा मित्र भुदरगड तालुक्यातल्या एका डोंगरावरून उतरलो, तेव्हा साडेचार वाजले होते. आदल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं की पाचला गाडी आहे. पाच झाले, साडेपाच झाले. समोरच्या दुकानातल्या आजी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "कुनाची वाट बघतासा? आज आयतवार न्हवं, साळंची गाडी आज येत न्हाई." त्या दिवशी दूध गोळा करणाऱ्या टेंपोवाल्यानं आम्हाला कॅनांच्या मधोमध बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर गाडी का धावते, कुणासाठी धावते हे समजून घेतल्याशिवाय मी निघालेलो नाही.

खेड्यात जाणाऱ्या गाड्या ढोबळ मानानं तीन तऱ्हेच्या असतात.

पहिली शाळेची गाडी. सकाळी गावातल्या पोरांना तालुक्याला आणणारी आणि संध्याकाळी परत सोडणारी. रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात ती नसण्याचीच शक्यता जास्त. आपण फिरायला निघतो ते नेमके याच दिवसांत, म्हणून या गाडीवर कधीच विसंबू नका.

दुसरी मुक्कामी गाडी. संध्याकाळी किंवा रात्री शेवटच्या गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. दोन दिवसांच्या भटकंतीत हिच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. रात्री गावात पोचवते आणि दुसऱ्या दिवशीही तिथूनच उचलते.

तिसरी लांब पल्ल्याची. कोकणात किंवा रत्नागिरीकडे जाणाऱ्या या गाड्या मोठ्या रस्त्यावरून दिवसभर येत-जात असतात. खेड्यातली गाडी चुकली तर चालत मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर यायचं आणि हिला हात करायचा. मात्र जलद गाडी प्रत्येक फाट्यावर थांबेलच असं नाही आणि विनावाहक गाडी तर मध्ये थांबतच नाही. चढतानाच कंडक्टरला विचारा: "मामा, वाघबिळाला थांबतीय का?"

यांच्या जोडीला वडाप आहे. जीप किंवा टेंपो, माणसं भरली की निघतं. त्याला वेळापत्रक नसतं, पण बाजारच्या दिवशी दुपारपर्यंत भरपूर मिळतं आणि अंधार पडला की एकदम बंद होतं. साधारण तालुक्याच्या गावातून आणि तिट्ट्यावरून वडाप सुटतं. तिट्टा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. गारगोटीच्या वाटेवरचा मुदाळ तिट्टा तुम्हाला पुढं अनेकदा भेटेल.

बेत आखताना हे कागदावर लिहा. परतीची शेवटची गाडी किती वाजता? तिच्या आधीची किती वाजता? आपण कायम आधीचीच धरायची, शेवटची राखीव ठेवायची. त्या वेळेतून उतरायचा वेळ वजा करा, वर आणखी एक तास वजा करा. जी वेळ उरेल त्या वेळेला, माथा गाठला असो वा नसो, माघारी फिरायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत त्याआधीच अंधारतं.

गाडी कुठून सुटते, कुणाला विचारायचं

कोल्हापुरात एसटीची तीन स्थानकं माहीत असायला हवीत. रेल्वे स्टेशनजवळचं मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सीबीएस: इथून पन्हाळा, जोतिबा, मलकापूर, रत्नागिरी. रंकाळा स्थानक: गगनबावड्याकडच्या गाड्या. संभाजीनगर स्थानक: राधानगरी आणि गारगोटीकडच्या. ही वाटणी ढोबळ आहे, त्यामुळे आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन चौकशी खिडकीवर विचारून या. फोनवरचं वेळापत्रक आणि भिंतीवरचा फलक यांपेक्षा खिडकीतला माणूस खरा, आणि त्याहून खरा त्या मार्गावरचा कंडक्टर.

विचारताना गडाचं नाव घेऊ नका, गावाचं घ्या. "रांगण्याला गाडी आहे का" असं विचारलंत तर नाही असं उत्तर मिळेल. "पाटगाव मुक्कामी किती वाजता?" असं विचारलंत तर लगेच वेळ मिळेल. पाटीवर शेवटचं गाव मोठ्या अक्षरात आणि खाली "मार्गे" लिहिलेलं असतं. आपलं गाव त्या बारीक अक्षरांत सापडतं.

आणि गावात उतरल्या उतरल्या, चहा घेता घेता, परतीच्या गाडीची पुन्हा खात्री करा. दोन वेगळ्या माणसांना विचारा. दुकानातल्या मावशी आणि पारावरचे तात्या एकच वेळ सांगत असतील तर ती खरी.

तिकिटाचं थोडक्यात: मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. कंडक्टरच्या यंत्रावर यूपीआय चालतं, पण डोंगराच्या पायथ्याला रेंज नसते, म्हणून सुट्टे पैसे ठेवा. सलग चार किंवा सात दिवस फिरणार असाल तर "आवडेल तेथे प्रवास" या पासची चौकशी करा.

पाय मोकळे करायला

पहिल्याच रविवारी मोठ्या गडावर जाऊ नका. आधी शहराजवळच्या टेकड्यांवर दोन-तीन सकाळी घालवा. गारगोटी रस्त्यावरची कात्यायनी सोपी आणि झाडीची आहे. पूर्वेकडे रेल्वेनं जाता येतं: मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं हातकणंगल्याला उतरायचं आणि तिथून आळत्याच्या रामलिंगला जायचं. रामलिंगच्या गुहेत पिंडीवर सतत पाणी ठिबकत असतं आणि ऐन उन्हाळ्यातही आत गारवा असतो. त्याच बाजूला कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर आहे, पायऱ्यांचा. दम किती टिकतो आणि बूट कुठं चावतो, हे कळायला एवढं पुरे.

जोतिबा: पहिली खरी वाट

वाडी रत्नागिरीचा जोतिबा कोल्हापूरपासून १८ किलोमीटरवर. माझ्या मते नवख्यानं खरी सुरुवात इथूनच करावी, कारण ही वाट हजारो पायांनी पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. चुकायला जागा कमी, विचारायला माणसं भरपूर, आणि वरून परतीला दिवसभर गाड्या.

शहरातून चालत जाणारे भाविक पंचगंगेवरचा पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरून वर चढतात. तुम्ही पहिल्यांदा एवढं चालू नका. कुशिऱ्यापर्यंत गाडीनं या आणि तिथून गायमुखाच्या वाटेला लागा. सकाळी सातला चालायला लागलात तर ऊन डोक्यावर यायच्या आत देवळात पोचाल. वाटेच्या अलीकडे पोहाळ्याची लेणी आहेत, डोंगराच्या पोटात कोरलेली बौद्ध लेणी. गर्दी जवळजवळ नसते. अर्धा तास जास्तीचा धरा आणि नक्की बघा. इतक्या जवळ असून कोल्हापूरची कितीतरी माणसं तिथं कधी गेलेली नाहीत, याची मला हळहळ वाटते.

रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी गर्दी असते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर सासनकाठ्या, गुलाल आणि "चांगभलं"चा गजर यांनी डोंगर भरून जातो. ती यात्रा जरूर अनुभवा, पण डोंगरवाटेचा सराव म्हणून तो दिवस धरू नका. त्या दिवशी गाड्या जादा सुटतात आणि रांगाही तेवढ्याच लांब असतात.

इथं एक कानमंत्र, जो पुढं प्रत्येक वाटेवर कामी येईल: जिथं गाड्या कमी तिथून चालणं सुरू करा, जिथं गाड्या जास्त तिथं संपवा. सकाळी एक गाडी मिळाली की काम झालं, संध्याकाळी मात्र तीन-चार गाड्यांची सोय मागे असायला हवी. जोतिबावर पायी चढून एसटीनं उतरणं याच हिशेबात बसतं.

दोन-तीनदा जाऊन आलात की जोतिबा ते पन्हाळा अशी वाट करा. जोतिबावरून दाणेवाडीच्या बाजूनं उतरायचं, वाघबीळ गाठायचं आणि बुधवार पेठेवरून पन्हाळ्यावर चढायचं. बराचसा रस्ता आणि मध्ये पायवाटा, निवांत चाललात तर अर्धा दिवस. वाघबीळ रत्नागिरीच्या मोठ्या रस्त्यावर आहे, त्यामुळे पाय थकले तर बेत तिथंच थांबवून गाडी धरता येते. निम्म्या वाटेवर अशी सुटकेची जागा असलेली वाट नवख्यासाठी सोन्यासारखी.

पन्हाळा, पावनगड आणि मसाई

पन्हाळ्याला सीबीएसवरून दिवसभर गाड्या आहेत, वीस-एक किलोमीटर अंतर. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि पन्हाळा पावणेदहाशेच्या आसपास, म्हणून एप्रिलातही वर वाऱ्याची झुळूक असते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी दुर्गांबरोबर पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

बहुतेक लोक रिक्षात बसून पन्हाळा दोन तासांत "बघून" येतात. तुम्ही चाला. तटाचा घेर सव्वासात किलोमीटरच्या आसपास आहे. तीन दरवाजा, त्याला लागून अंधारबाव, धान्याची अंबरखाना कोठारं, सज्जाकोठी, पुसाटी बुरूज, हे सगळं पायी जोडायला सकाळ पुरते. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांमध्ये उभं राहिलं की एवढा मोठा गड वेढ्यात महिनोन्‌महिने कसा तगायचा ते समजतं. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठ मावळ्यांनिशी हा गड घेतला. तटावरून खाली बघताना ही गोष्ट आठवा, मग तो आकडा किती लहान होता ते कळेल.

दुपारी झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही घेऊन शेजारच्या पावनगडावर जा. पन्हाळ्याच्या पूर्वेला लागूनच आहे, चालत अर्ध्या-पाऊण तासात पोचता. तिथं तुपाची विहीर दाखवतात. पन्हाळ्यावरची गर्दी या बाजूला फिरकत नाही.

मसाई पठार ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिथं मी जरा रेंगाळणार आहे.

पन्हाळ्याच्या राजदिंडीच्या वाटेनं खाली उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाईच्या सड्यावर चढायचं. दोन-अडीच तास धरा. जांभ्या कातळाचं हे लांबलचक पठार, खरं तर एकाला एक लागून असलेली अनेक पठारं. मधोमध मसाई देवीचं साधं देऊळ. पावसाळ्यात कातळावर मातीचा जेमतेम बोटभर थर, पण त्यावर ऑगस्टच्या अखेरीपासून सीतेची आसवं, तेरडा, सोनकी असं एकामागून एक फुलत जातं. फुलांसाठी पाऊस ओसरू लागला की जा, सप्टेंबर उत्तम. पठार संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं आहे. फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढू नका. त्या बोटभर मातीवर एकदा बूट घासला की तिथली फुलं पुढच्या वर्षी दिसत नाहीत.

मसाईवर धोका कड्याचा कमी आणि धुक्याचा जास्त. पठार सपाट, खुणेला झाड नाही, आणि जुलै-ऑगस्टात दहा मिनिटांत असं धुकं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही. सरळ चालतोय असं वाटत राहतं आणि आपण गोल फिरत असतो. देवळापाशी पोचलात की तिथून कुठल्या दिशेनं आलो त्याचा फोनवर ठिपका मारून ठेवा, नकाशा आधीच उतरवून घ्या. धुकं आलं तर आहे तिथंच बसा. अर्ध्या-पाऊण तासात बहुधा विरळ होतं. गुरं चारायला आलेला कुणी भेटला तर त्याच्या मागं चाला, तो धुक्यातही वाट चुकत नाही.

परतीला आल्या वाटेनं पन्हाळाच गाठा. वर सांगितलेला हिशेब: तिथं गाड्या जास्त आहेत. मसाईखालच्या वाड्यांवरून गाडी मिळते, पण दिवसातून मोजकीच.

याच वाटेनं पुढं गेलं की इतिहासातली ती रात्र सुरू होते. १२ जुलै १६६० ला सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज विशाळगडाकडे गेले, आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरली. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशी ती वाट आजही चालली जाते. दोन दिवस लागतात, चिखल गुडघ्यापर्यंत असतो, आणि दर जुलैत कोल्हापूरच्या अनेक संस्था ही मोहीम काढतात. पहिल्यांदा त्यांच्याबरोबरच जा. रात्रीचा मुक्काम, जेवण, परतीची गाडी, सगळं ते बघतात. एकट्यानं जायचं झालं तर पावसानंतर, नोव्हेंबरात, आणि शेवटी पांढरपाण्यातून मलकापूर गाठायचं. मलकापुरातून कोल्हापूरला गाड्यांची अडचण नाही.

पावसाळ्यात निघण्याआधी नदीची पातळी बघा

बाहेरच्या माणसाला हे नवीन असेल, कोल्हापूरकराला नाही. जुलै-ऑगस्टात सकाळी उठल्यावर पहिली बातमी पंचगंगेची असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पातळी ३९ कडे सरकू लागली की पश्चिमेकडचे रस्ते एकेक करून पाण्याखाली जायला लागतात. गगनबावड्याच्या रस्त्यावर लोंघे, मांडुकली या भागात पाणी येतं आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ. तुम्ही सकाळी कोरड्या रस्त्यानं जाल आणि संध्याकाळी गाडी परत येऊ शकणार नाही, असं होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर कित्येक गावं दिवसच्या दिवस तुटली होती. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताही खचला होता.

म्हणून नियम सोपा ठेवा: शहरात ऊन असलं तरी घाटात दोन दिवस मुसळधार चालू असेल आणि पातळी भराभर वाढत असेल तर बेत पुढं ढकला.

भुदरगड, गगनबावडा, राधानगरी

यातलं प्रत्येक एका दिवसात होतं, पहिली गाडी धरली तर.

भुदरगडासाठी आधी गारगोटी. कोल्हापूर-गारगोटी गाड्या भरपूर आहेत, पन्नासेक किलोमीटर. तिथून पेठशिवापूरची गाडी किंवा वडाप, आणि पुढं चालत गड. वर मोठा तलाव आहे, पाणी दुधट दिसतं म्हणून त्याला दूधसागर म्हणतात. काठाला भैरवनाथाचं देऊळ. माथा सपाट आणि ऐसपैस, चढ सोपा. घरच्या मोठ्यांना घेऊन जायला हा गड चांगला. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्यात सामानगड आणि भुदरगड पुढं होते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी तटबंदी पाडली. पडका तट बघताना तो नुसत्या ऊन-पावसानं पडलेला नाही, हे ठाऊक असावं.

गगनबावडा रंकाळा स्थानकावरून दोन तासांच्या आत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणारं हे गाव. स्थानकावरून चालत तासाभरात गगनगड. गडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, तिथले नियम पाळा आणि आवाज हळू ठेवा. माथ्यावरून करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट कोकणात उतरताना दिसतात. आकाश स्वच्छ हवं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी. हाताशी वेळ असेल तर पळसंब्याची रामलिंगची देवळं बघा, ओढ्याकाठी अखंड खडकातून कोरलेली. कोकणातल्या गाड्या गगनबावड्यावरूनच जातात, तेव्हा परत फिरण्याऐवजी करूळ घाट उतरून वैभववाडी गाठता येते आणि तिथं कोकण रेल्वेचं स्टेशन आहे.

राधानगरीला नवख्यानं धरणापाशी फिरावं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकदा तरी बघायला हवेत. अभयारण्याचं मात्र तसं नाही. दाजीपूर-राधानगरीचं जंगल गव्यांचं आहे. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय आत पायी जायचं नाही, आणि पावसाळ्यात ते बंदच असतं. फोंडा घाटातून कोकणात जाणारी एसटी दाजीपूरला थांबते, एवढी सोय आहे. बाकी चौकशी आधी वनखात्याकडे करा.

पिशवीत काय, आणि काय टाळायचं

माणशी दोन ते तीन लिटर पाणी. गडावरच्या टाक्याचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी पावसाळा संपला की पिऊ नये. खायला भडंग, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पोट जड होत नाही आणि ताकद येते. जाड तळाचे, खाचा असलेले बूट. कोल्हापुरी चप्पल आपल्याला कितीही लाडकी असली तरी ओल्या कातळावर ती पायात नको. विजेरी, शिट्टी, कोरडा सदरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुडी मोज्यावर चोळायला.

तीन गोष्टींचं भय खरं आहे. एक, आग्या मोहोळ. कड्याच्या कपारीत आणि जुन्या दरवाजांच्या कमानीखाली असतं. तिथं सिगारेट, शेकोटी, मोठा आवाज, उग्र अत्तर काहीही नको. माश्या उठल्या तर हात न झटकता डोकं-तोंड कापडानं झाकून लांब पळायचं. दोन, गवा. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. दिसला की थांबा, त्याला जायला वाट मोकळी ठेवा, फोटोसाठी पुढं जाऊ नका. तीन, साप, विशेषतः फुरसं. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. इतर कुठल्याही संकटाला ११२, आणि वनखात्याची मदत १९२६ वर मिळते. रेंज कुठं होती ती जागा जाताना लक्षात ठेवा.

घरच्या एका माणसाला गावाचं नाव आणि परतीच्या गाडीची वेळ लिहून द्या. "ट्रेकला चाललोय" एवढं सांगून निघालात तर शोधणाऱ्यानं शोधायचं कुठं?

मुक्कामी गाडीनं रांगणा

वरच्या वाटा दोन हंगाम चाललात की रांगण्याला जा. कोल्हापूर जिल्ह्यातला माझा सर्वांत आवडता गड हा, आणि एसटीनं जाण्यातच त्याची खरी मजा आहे.

शनिवारी दुपारी कोल्हापुरातून गारगोटी, तिथून कडगावमार्गे पाटगावकडे जाणारी संध्याकाळची गाडी. पाटगावात मौनी महाराजांचा मठ आहे. मुक्कामाची सोय गावात विचारून करा आणि त्याआधी दिवसाउजेडी कुणाला तरी फोन करून ठेवलेला बरा. देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पडायचं असेल तर विचारल्याशिवाय पथारी टाकू नका. "मामा, रातच्याला हितं टेकलं तर चालंल का?" एवढं विचारलंत की बहुधा भाकरीचंही विचारलं जातं. त्याचे पैसे द्या. नको म्हणाले तर घरातल्या पोरांच्या हातात खाऊ ठेवा. निघताना पाटगावचा मध घ्या.

पहाटे भटवाडीकडे निघा. तिथून चिक्केवाडीपर्यंत गर्द जंगलातली वाट, पुढं खिंडीत उतरून गडाच्या दरवाजापाशी. भटवाडीपासून जायला तीन तास धरा, यायला तेवढेच. पावसात मधले ओढे अंगावर येतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाटेत ढोरवाटा फुटतात, त्यामुळे पहिल्यांदा गावातला माहीतगार सोबत घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा. गडावर रांगणाई देवीचं देऊळ, तलाव, आणि पश्चिमेच्या तटावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण.

दुपारी एकला गड सोडायचा. संध्याकाळची गाडी मिळाली तर रात्री घर. नाही मिळाली तरी घाबरायचं कारण नाही: पाटगावात आणखी एक रात्र काढायची आणि सोमवारी पहाटेची मुक्कामी गाडी धरायची. मग सुट्टी त्याच हिशेबानं आधीच टाकून ठेवायची. पहाटे अंधारात ड्रायव्हर गाडी सुरू करून तापवत ठेवतो, त्या घरघरीनं सगळा गाव जागा होतो. तालुक्याला जाणारी कॉलेजची पोरं, भाजीचं गाठोडं घेतलेल्या मावश्या थांब्यावर यायला लागतात. पाच मिनिटं आधी पोचा, डाव्या खिडकीजवळची जागा धरा आणि सुट्टे पैसे हातात ठेवा.